निर्माता शांताराम आणि आटपाडीचे स्वतंत्रपूर

व्ही. शांताराम (१८ नोव्हेंबर १९०१ – ३० ऑक्टोबर १९९०) यांची नोंद बहुतेक ठिकाणी दिग्दर्शक म्हणून होते, त्याखालोखाल नट म्हणून. निर्माता हा शब्द त्यांच्या नावाला सवयीने चिकटतो. त्याचा वेगळा विचार कोणी करत नाही. मराठी माणसाच्या मनातला निर्माता म्हणजे पैसे घालणारा, पडद्यावर सर्वांत आधी नाव झळकणारा आणि चित्रपट पडला की बायकोचे दागिने गहाण टाकणारा गृहस्थ. शांतारामांची सात दशकांची कारकीर्द या बाजूने पाहिली तर मात्र हिशेब वेगळा लागतो. दिग्दर्शक म्हणून त्यांची शैली पुष्कळदा भडक आहे, भावनेचा सूर चढा आहे. निर्माता म्हणून त्यांनी घेतलेले निर्णय मात्र थंड डोक्याचे, धाडसी आणि बव्हंशी अचूक आहेत. त्यांतला सर्वांत धाडसी निर्णय 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाचा. त्याचे बीज जुन्या औंध संस्थानातल्या, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या एका तुरुंगात आहे.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म कोल्हापूरचा. वडील जैन, आई हिंदू, घरची स्थिती बेताची. शिक्षण फार झाले नाही. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात हात काळे केले, तिथल्याच एका सिनेमागृहात पडेल ते काम केले. त्याआधी काही काळ हा मुलगा गंधर्व नाटक मंडळीत होता. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी काढलेल्या या मंडळीत त्याच्या वाट्याला आलेल्या भूमिका किरकोळ होत्या. पण नाटक कंपनीचे बिऱ्हाड गावोगाव कसे हलते, पडदे-कपडे-दागिने यांवर किती खर्च होतो आणि तो बुकिंगच्या खिडकीतून कसा परत येतो किंवा येत नाही, हे त्याला आतून पाहता आले.

या अनुभवाची मुळे सांगलीत आहेत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भाव्यांच्या कारकिर्दीचा खरा बोधप्रद भाग मात्र त्यानंतरचा आहे. १८५१ साली चिंतामणराव गेले, राजाश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाच्या खजिन्यातून चालणारी कला प्रेक्षकाच्या खिशावर चालू लागली, ती तिथून. नाटक मंडळीच्या मालकात लेखक, तालीम मास्तर, कारभारी आणि सावकाराचा देणेकरी अशी चार माणसे एकत्र नांदू लागली. मराठीतला निर्माता या मालकापासून आला. सिनेमा आला तेव्हा त्याला नवे नाव मिळाले, इतकेच.

आजच्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याशी ज्यांचे नाव जोडले जाते ते बालगंधर्व या जातीच्या मालकांचे सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत दुःखद उदाहरण. रंगमंचावर खोटे काही चालणार नाही, अत्तरसुद्धा खरे हवे, हा त्यांचा बाणा. त्या बाण्याने मराठी रंगभूमीला वैभव दिले आणि मालकाला कर्ज. शांतारामांनी पुढे खर्चाला कधी हात आखडता घेतला नाही. त्यांचे सेट, त्यांची प्रकाशयोजना, त्यांचे नृत्यप्रसंग पाहिले की गंधर्वांच्या कंपनीचा वारसा दिसतो. फरक एवढाच की त्यांनी खर्च आपल्या ताब्यातल्या यंत्रणेवर केला. कॅमेरा, रसायनशाळा, स्टुडिओची जागा, पगारी माणसे या सगळ्यांचे पुढच्या चित्रपटात पुन्हा काम होते. अत्तराचे होत नाही.

१९२० साली ते कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तिथे झाडण्यापासून नटापर्यंत सगळे काही केले. 'सुरेखा हरण', 'सिंहगड', 'सावकारी पाश' या मूकपटांत ते दिसले. 'सावकारी पाश'मधला जमीन गमावून शहराकडे जाणारा तरुण शेतकरी त्यांनीच रंगवला. १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला. बाबूराव पेंटर मोठे कलावंत होते, पण काम त्यांच्या लहरीने चाले. चित्रपट ठरल्या वेळेत पुरा होणे हेही कलेचेच एक अंग आहे, असे मानणारी तरुण मंडळी तिथे अस्वस्थ झाली.

१ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम आणि सराफीच्या धंद्यातले सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. या भागीदारीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पाचांतले चौघे तंत्र जाणणारे, एक पैसा जाणणारा. भांडवल देणाऱ्याला इथे एक आवाज होता, शेवटचा शब्द नव्हता. त्या काळात मुंबईतले बरेच स्टुडिओ शेठजींच्या मर्जीने चालत आणि कथा कोणती घ्यायची हेही तिथेच ठरे. प्रभातमध्ये तो निर्णय चित्रपट बनवणाऱ्यांच्या हातात राहिला.

'अयोध्येचा राजा' (१९३२) हा प्रभातचा पहिला बोलपट मराठीत आणि हिंदीत निघाला. एकाच सेटवर, एकाच कथेचे दोन भाषांत चित्रीकरण ही पद्धत पुढे प्रभातचा कणा ठरली. मराठी आवृत्ती घरचा मान राखी, हिंदी आवृत्ती देशाचा बाजार धरी. सगळे निर्णय बरोबर आले असे नाही. 'सैरंध्री' (१९३३) रंगीत करण्यासाठी जर्मनीत नेला आणि रंग बिघडलेच. एवढ्या खर्चातून हाती आला तो धडा. त्याच सुमारास कंपनी पुण्याला हलली. तिथल्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे.

पुण्यातल्या वर्षांत शांतारामांची विषय निवडण्याची दृष्टी पक्की झाली. 'अमृतमंथन' (१९३४) धर्माच्या नावाने होणाऱ्या बळींवर, 'कुंकू' (१९३७) जरठ-बाला विवाहावर, 'माणूस' (१९३९) पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या नात्यावर, 'शेजारी' (१९४१) हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांवर. 'शेजारी'च्या हिंदी आवृत्तीत हिंदू म्हाताऱ्याचे काम मझहर खान यांना आणि मुसलमानाचे गजानन जागीरदार यांना दिले होते. नुसत्या पात्रनिवडीने जे सांगितले गेले, ते पानभर संवादांनी सांगता आले नसते. या चित्रपटांना समाजसुधारणेचे चित्रपट म्हणण्याची रीत आहे आणि ती चूक नाही, पण अपुरी आहे. हे विषय निवडताना शांताराम प्रेक्षकाची नाडीही पाहत होते. ज्या प्रश्नावर घराघरांत आधीच भांडणे चालू आहेत, त्यावरचा चित्रपट लोक पाहायला येतात. ज्या प्रश्नाचे नावही कोणी काढत नाही त्यावरचा चित्रपट आदराने टाळतात. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून 'कुंकू' निघाला, तेव्हा म्हाताऱ्याशी लग्न लावलेल्या मुलीची कहाणी कोणत्याही गावाला नवी नव्हती. नवीन होती ती त्या मुलीने नवऱ्याला ठामपणे नवरा न मानण्याची.

याच काळात एक विलक्षण गाठ पडली. बोलपटांनी नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले होते, आणि 'धर्मात्मा' (१९३५) साठी बालगंधर्व प्रभातमध्ये एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले. चित्रपटाचे आधी ठरलेले 'महात्मा' हे नाव सेन्सॉरमुळे बदलावे लागले होते. ज्यांच्या कंपनीत शांतारामांनी पोरवयात पडेल ती भूमिका केली, त्यांना आता ते कॅमेऱ्यासमोर सूचना देत होते. बालगंधर्व या माध्यमात रमले नाहीत; स्त्रीभूमिकेचा साज उतरवून पुरुषवेषात, समोर प्रेक्षक नसताना, तुकड्या-तुकड्यांनी काम करणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. ते रंगभूमीवर परतले.

१९४२ मध्ये मतभेदांनंतर शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला, जिथे आधी वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता, तिथे त्यांनी राजकमल कलामंदिर उभे केले. वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावांवरून ते नाव पडले. आता भागीदार नव्हते. पहिलाच चित्रपट 'शकुंतला' (१९४३) १०४ आठवडे चालला आणि पुढे अमेरिकेतही दाखवला गेला. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६), 'रामजोशी' (१९४७), 'दहेज' (१९५०), 'अमर भूपाळी' (१९५१) अशी रांग लागली. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) हा टेक्निकलरमधला नृत्यपट देशभर गाजला.

इथे अमेरिकेतल्या एका निर्मात्याशी तुलना उपयोगी पडेल. सॅम्युअल गोल्डविन हे वॉर्साच्या गरीब ज्यू घरातले. पोरवयात इंग्लंडमार्गे अमेरिकेला पोचले, हातमोज्यांच्या धंद्यात विक्रेते झाले आणि १९१३-१४ मध्ये जेसी लास्की व सेसिल डीमिल यांच्यासोबत 'द स्क्वॉ मॅन' काढून चित्रपटधंद्यात शिरले. भागीदारांशी त्यांचे कधी पटले नाही. मेट्रो-गोल्डविन-मेयर या जगप्रसिद्ध कंपनीच्या नावात त्यांचे नाव आहे, पण ती कंपनी १९२४ साली बनण्याआधीच ते बाहेर पडले होते. पुढे जवळजवळ चार दशके ते स्वतंत्र निर्माते राहिले: स्वतःचा पैसा, स्वतःचा स्टुडिओ, वर्षाला मोजकेच चित्रपट. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) हा युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा चित्रपट त्यांचा, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. गोल्डविन यांनी दिग्दर्शन कधी केले नाही. तो चित्रपट विल्यम वायलर यांनी दिग्दर्शित केला. तरी त्यांच्या चित्रपटांवर त्यांचा ठसा आहे, कारण कोणती गोष्ट सांगायची आणि ती कोणाच्या हाती द्यायची हे त्यांनी ठरवले.

शांतारामांच्या बाबतीत हा ठसा दिसेनासा होतो, कारण निर्माता, दिग्दर्शक आणि पुष्कळदा नायकही तेच. एका माणसाने तीन टोप्या घातल्या की लोकांना सर्वांत वरची तेवढी दिसते. पण दोघांचे धंद्याचे तत्त्व एकच होते. भागीदार सोडा, स्टुडिओ आपला ठेवा, कमी चित्रपट काढा, प्रत्येकावर सर्व काही लावा. दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या निर्मात्याला 'झनक झनक'सारख्या यशानंतर तशाच रंगीत नृत्यपटाची मागणी नाकारता आली नसती. वितरकाला कालचे यश पुन्हा हवे असते. शांतारामांनी त्यानंतर स्वतःच्या दिग्दर्शनासाठी निवडला तो कृष्णधवल चित्रपट. त्यात सहा खुनी कैदी, एक तुरुंगाधिकारी, ओसाड जमीन आणि एकच महत्त्वाची स्त्री, तीही खेळणी विकणारी.

या कथेचे मूळ समजण्यासाठी औंधकडे वळावे लागते. औंध हे पंतप्रतिनिधींचे छोटे संस्थान. त्याचा मुलूख सलग नव्हता. साताऱ्याच्या बाजूला औंध, मधे कुंडल, पूर्वेला दुष्काळी माणदेशातली आटपाडी, आणि एक तुकडा विजापूरकडे. उत्पन्न तुटपुंजे. पण १९०९ पासून राज्य करणारे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक असे वेगळेच राजे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर जागा देऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसू दिली. भाव्यांच्या वेळी सांगलीच्या राजाने नाटकाला जे दिले, तेच औंधच्या राजाने कारखान्याला दिले असे म्हणता येईल: निकाल दिसण्याआधी दाखवलेला विश्वास. निर्मात्याची ही जुनी व्याख्या दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानांनी सिनेमाच्या आधीच लिहून ठेवली होती.

बाळासाहेबांचे सर्वांत मोठे धाडस राजकीय होते. १९३८ च्या अखेरीस त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना अमलात आली. गावपंचायत हा तिचा पाया. तिच्या मसुद्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचे कष्ट होते. फ्रीडमन हे पोलंडहून आलेले इंजिनिअर, बंगलोरच्या सरकारी वीज-कारखान्याचे प्रमुख, पुढे भारतानंद या नावाने साधकासारखे राहणारे. याच फ्रीडमन यांच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळच्या उजाड जागेवर स्वतंत्रपूर उभे राहिले. संस्थानच्या तुरुंगातले कैदी तिथे भिंतीशिवाय राहू लागले. त्यांनी जमीन फोडली, घरे बांधली, शेती केली, आणि कुटुंबासह संसार मांडला.

स्वतंत्रपूर हा दयाळू तुरुंग होता असे म्हटले तर त्याचा अर्धा अर्थ हरवतो. ज्या वर्षी राजा आपल्या प्रजेला स्वतःचा कारभार करण्याइतकी शहाणी मानत होता, त्याच वर्षी त्याचे राज्य कैद्यालाही स्वतःवर ताबा ठेवण्याइतका शहाणा मानत होते. दोन्ही गोष्टी एकाच विचाराची दोन टोके आहेत. आणि हा विचार त्या मुलखात एकटा नव्हता. काही वर्षांतच सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. औंधच्या हद्दीतले कुंडल हे त्याचे मोठे केंद्र होते. तिथली न्यायदान मंडळे गावातच तंटे सोडवत, आणि गुन्हेगाराला कठोर, अंगावर वळ उठवणारी शिक्षाही देत. शिक्षा कोणी द्यावी, कशी द्यावी आणि तिने माणसाचे काय व्हावे, या प्रश्नावर एकमेकांच्या उलट जाणारी दोन उत्तरे पन्नास-साठ मैलांच्या परिघात एकाच दशकात दिली गेली. ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. चित्रपट निघाला तेव्हा आटपाडी दक्षिण साताऱ्यात होती. औंध साताऱ्याकडे राहिले, स्वतंत्रपूर सांगलीकडे गेले. राजा एका जिल्ह्यात आणि त्याचा प्रयोग दुसऱ्यात, अशी ही वाटणी झाली.

स्वतंत्रपूरची ही गोष्ट शांतारामांपर्यंत पोचली ती ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात १९१९ साली जन्मले. माणदेश आणि औंध संस्थान हे त्यांच्या बालपणाचे जग. १९३८ च्या सुमारास ते कोल्हापूरच्या चित्रपटधंद्यात आले, आणि 'रामजोशी'पासून राजकमलशी त्यांचे नाते जुळले होते. 'दो आँखें बारह हाथ'ची कथा-पटकथा त्यांची. मुंबईतल्या एखाद्या लेखकाने हीच कल्पना वर्तमानपत्रात वाचून लिहिली असती, तर तिला मातीचा वास आला नसता. दुष्काळी भागातल्या जमिनीचा हट्ट, पहिल्या पिकाचे अप्रूप, भाजीच्या बाजारातले दलाल आणि त्यांची मक्तेदारी मोडणाऱ्यावर त्यांचा राग: हे सगळे माणदेशी माणसाने लिहिलेले आहे हे कळते. गीते भरत व्यासांची, संगीत वसंत देसाईंचे, छायाचित्रण जी. बालकृष्ण यांचे.

विषयाची वेळही निर्मात्याने नेमकी साधली होती. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या पुढाकाराने १९५२ पासून कैद्यांची मोकळी शिबिरे धरणाच्या कामावर चालू होती. १९५५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या गुन्हेप्रतिबंध परिषदेने खुल्या तुरुंगांची शिफारस केली. म्हणजे देशात आणि जगात हा प्रश्न चर्चेत होता, पण पडद्यावर आला नव्हता. 'कुंकू'च्या वेळचे गणित इथेही लागू पडते.

चित्रपटात आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुन्यांना बेड्यांशिवाय ओसाड शेतावर नेतो. त्यांच्यावर पहारा असतो तो त्याच्या डोळ्यांचा. ते पळण्याचा विचार करतात तेव्हा ते डोळे त्यांना अडवतात. कष्टाने पीक येते, रास्त भावाने भाजी विकली जाते, दलाल चिडतात, आणि शेवटी आदिनाथ मरण पावतो. ही भूमिका शांतारामांनी स्वतः केली. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पन्नाशी उलटलेल्या निर्मात्याने बदली माणूस न घेता स्वतः त्या मैदानात उतरणे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. नाटक कंपनीच्या मालकाचे रक्त तिथे उसळले असावे.

मूळ प्रयोग आणि चित्रपट शेजारी ठेवले की निर्मात्याने काय घेतले आणि काय टाकले ते दिसते. घेतली ती माणसावरच्या विश्वासाची कल्पना, भिंत नसलेला तुरुंग, शेती. टाकले ते औंध, राजा, घटना, पंचायत, फ्रीडमन आणि कुटुंबांची वसाहत. प्रयोगाचा गाभा स्वराज्याचा होता. चित्रपटाचा गाभा एका पुण्यवान माणसाच्या प्रभावाचा आहे. स्वतंत्रपुरात कैद्याने स्वतःवर नजर ठेवायची होती, पडद्यावर त्याच्यावर दुसऱ्याची नजर आहे. हा बदल साधा नाही. त्याने एक राजकीय कल्पना नैतिक बोधकथेत बदलली, आणि संस्थेच्या जागी महापुरुष बसवला. भारतीय मनाला महापुरुष पटकन कळतो. घटना, पंचायत, नियम यांच्यासाठी डोळ्यांत पाणी येत नाही.

शांतारामांच्या बाजूनेही बोलायला हवे. १९५७ मध्ये एखाद्या संस्थानिकाला नायक करून हिंदी चित्रपट काढणे म्हणजे नुकत्याच लोकशाही झालेल्या देशात जुन्या राजांची आरती करण्यासारखे दिसले असते. शिवाय हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला औंध माहीत नव्हते, आणि आटपाडी तर पुण्यातल्यांनाही नकाशात शोधावी लागली असती. ठिकाण पुसले म्हणून कथा सगळीकडची झाली. बर्लिनच्या प्रेक्षकाला ती समजली याचे कारण हेच. निर्मात्याचा हिशेब बरोबर होता. इतिहासाचा हिशेब वेगळा असतो आणि तो लेखकांनी, अभ्यासकांनी मांडायचा असतो. तो अजून नीट मांडला गेलेला नाही, हा दोष शांतारामांचा म्हणता येणार नाही.

मान मिळाले ते मोठे होते. १९५७ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल, आणि अमेरिकेतल्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांत परदेशी चित्रपटासाठीचा सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार. हॉलिवुडच्या एका स्वतंत्र निर्मात्याच्या नावाचा पुरस्कार कोल्हापूरच्या एका स्वतंत्र निर्मात्याला मिळाला, माणदेशातल्या एका प्रयोगावरच्या चित्रपटासाठी. गोल्डविन पोलंडचे आणि फ्रीडमनही पोलंडचे, हा योगायोगच. त्यातून काही सिद्ध होत नाही, पण नोंदवल्यावाचून राहवत नाही.

पुढची वर्षे चढउताराची आहेत. 'नवरंग' (१९५९) चालला. 'स्त्री', 'सेहरा', 'गीत गाया पत्थरों ने' यांत देखणेपणा वाढत गेला आणि विषय पातळ होत गेले. निर्मात्याने स्वतःचे सगळेच ऐकायचे ठरवले की त्याला नाही म्हणणारा कोणी उरत नाही. प्रभातमध्ये दामले आणि फत्तेलाल हे नाही म्हणणारे होते. तिथल्या 'संत तुकाराम'चा (१९३६) संयम या दोघांचा आहे, शांतारामांचा नव्हे. राजकमलमध्ये तसे कोणी नव्हते. मालकीने जे स्वातंत्र्य दिले त्याची ही किंमत होती. 'दो आँखें' त्या स्वातंत्र्याशिवाय झाला नसता आणि १९६० नंतरचे काही चित्रपटही त्या स्वातंत्र्याशिवाय झाले नसते. दोन्ही एकाच खात्यावर मांडावे लागतात.

'पिंजरा'ने (१९७२) ते पुन्हा उसळले. 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाची आठवण देणारी कथा त्यांनी तमाशाच्या फडात आणली. मास्तराच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडलेले डॉ. श्रीराम लागू हे साताऱ्यात जन्मलेले, पेशाने शस्त्रवैद्य असलेले नाट्यनट. चित्रपटाच्या पडद्याला तेव्हा ते जवळजवळ अनोळखी होते. वयाच्या सत्तरीत, दुसऱ्या कोणा ठरलेल्या नायकाचे नाव न घेता, रंगभूमीवरून नट उचलणे हा पुन्हा निर्मात्याचाच निर्णय. मराठी चित्रपटसृष्टीला लागूंच्या रूपाने पुढची कित्येक वर्षे पुरेल असा नट मिळाला. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार शांतारामांना मिळाला, 'झांजर' (१९८७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला, आणि १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

दिग्दर्शक शांतारामांविषयी समीक्षकांची मते बदलत राहतील. त्यांचा भडकपणा आजच्या डोळ्यांना खुपतो आणि तो खुपणे साहजिक आहे. निर्माता म्हणून मात्र त्यांच्या तोडीचा माणूस मराठीने दुसरा दिला नाही. आणि त्यांच्या सर्वांत धाडसी निर्णयाचे बीज असलेली स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत आटपाडीत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडून चालवली जाते, आणि तिथले कैदी कुटुंबासह राहून शेती करतात.